पदराखालची दोन बोटं

शिवाजीनगरहून सुटलेल्या एसटीत एखादी बाई मांडीवर थर्माकोलचा डबा घट्ट धरून बसली, की लोकांना तिच्याविषयी शंका येतेच. चाकण मागे पडेपर्यंत कंडक्टरने दोनदा विचारलं, "डब्यात काय आहे?" मी म्हटलं, "औषधं." शेजारच्या बाईंनी डबा हाताने चाचपला. "गार लागतंय की. मासळी असंल तर आत्ताच सांगा ताई, माझा गुरुवार हाय." मासळी नाही अशी शपथ घेतली, तेव्हा कुठे त्या नीट टेकून बसल्या.

मी खोटं बोलले नव्हते, पण पुरतं खरंही सांगितलं नव्हतं. डब्यात बर्फाच्या पिशव्या होत्या, रिकाम्या नळ्या होत्या, आणि पुण्यातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत आम्ही खपून तयार केलेल्या चाचणीपट्ट्या होत्या. डुकरांच्या विषाणूतापाच्या. कोरोनाच्या दिवसांत घरोघर नाकात काडी घालून बघितलेली पट्टी आठवते ना, तिचीच ही बहीण. डुकराच्या कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त पातळ करून पट्टीवर सोडायचं आणि पाव तास वाट बघायची. एक रेघ उमटली तर जनावर निरोगी. दोन उमटल्या तर ताप आहे.

हा ताप माणसाला होत नाही. डुकराला झाला तर मात्र औषध नाही, आणि बघता बघता सगळा गोठा आडवा होतो. एकाला झाला तरी सरकार त्या गोठ्यातली आणि आसपासची सगळी डुकरं मारून पुरतं, कारण रोग थांबवायला दुसरा उपायच नाही. सरकारी प्रयोगशाळेचा निकाल यायला दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत घाबरलेला मालक डुकरं विकून मोकळा होतो. मग रोग गाडीत बसून पुढच्या तालुक्यात जातो. आमची पट्टी जागच्या जागी सांगेल असं आम्ही म्हणत होतो. पण प्रयोगशाळेतल्या टेबलावर काय, सगळंच चालतं. शेतावर चालतं का, ते बघायला मी निघाले होते.

निघताना आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं, "पट्टीला अजून मान्यता नाही. मालकाला निकाल सांगायचा नाही. संशय आला तर तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना कळवायचं आणि गप्प बसायचं." गप्प बसणं मला जमत नाही, संशय मात्र छान जमतो. दुधावर साय आली तरी ही ती का आली म्हणून विचारते, असं माझा नवरा म्हणतो.

मंचरच्या स्टँडवर रफीकभाई जीप घेऊन उभे होते. जुन्नरचे, पन्नाशीचे, अंगाने शिडशिडीत आणि बोलायला मोजके. त्यांना मी फोनवर 'जनावरांचे नमुने गोळा करायचेत' एवढंच सांगितलं होतं. कुठली जनावरं ते मुद्दाम गाळलं होतं. उगाच आयत्या वेळी गाडी वळवून निघून गेले तर मी डबा डोक्यावर घेऊन फिरणार होते का? त्यांनी डबा उचलला, झाकणाकडे पाहिलं आणि मागच्या सीटवर नीट बेल्ट लावून ठेवला. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, सुटलो.

पहिला गोठा आंबेगाव तालुक्यातच, मंचरपासून थोडं आत होता. मालक तरुण आणि हौशी. डुकरांवर पंखे लावलेले, पायात घालायला आम्हाला वेगळे गमबूट. एकेक पट्टी लावत गेले. सगळ्यांवर एकच रेघ. त्याच्या आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि मासवडी. (नावात मासा आहे, ताटात नाही. बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं नि लसणाचं सारण भरून केलेली वडी.) रफीकभाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना वाटेच्या तोंडाशी एक पांढरा पिकअप उभा दिसला. ताडपत्री बांधलेली, आणि बॉनेटला टेकलेला खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस. त्याने मला सोडून मालकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मला ते आवडलं नाही.

नारायणगाव ओलांडून आम्ही खोडदकडे वळलो. कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीने वाकून रोपं टोचत होत्या आणि त्यांच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून रेडिओ-दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या. आभाळातला बारीकसा आवाज ऐकायचा तर खाली गोंगाट नको, म्हणून रफीकभाईंनी मला मोबाईल बंद करायला लावला. पट्टीचा फोटो काढून पुण्याला पाठवायचा आमचा बेत तिथेच बारगळला. आता रेघ डोळ्यांनी वाचायची.

वाचायची तरी कशी? गोठ्याचा मालक बांधावर आडवा उभा. "डुकरं? कुठली डुकरं? आमी कांदेवालं हाव."

तेवढ्यात उसाच्या मागून किंकाळ्या ऐकू आल्या.

"ते व्हय? ते पंपाचं इंजिन हाय."

"इंजिनाला पिल्लं झालेली दिसतात," मी म्हटलं.

तो हसला, पण बांधावरून हलला नाही. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमचं यंत्र खरं असंल न्हायतर खोटं. पर तुमी आलात की मागनं तो येतोय." त्याने रस्त्याकडे मान वळवली. तोच पांढरा पिकअप. "येपारी हाय. तुमी रगात काढून गेलात की मालकाचं तोंड बघतोय. तोंड उतरलं की निम्म्या भावात माल उचलतोय. न्हाई उतरलं तर पुरा भाव देतोय. आन् उचललेला माल त्याच सांच्याला घाटाखाली."

नांगरामागे बगळे फिरतात, तसा हा माणूस आमच्या मागे फिरत होता. मी दोन तालुक्यांत रोग शोधत हिंडत होते आणि माझ्याच पाठोपाठ आजारी डुकरं उचलून नेणारी गाडी येत होती. तो मालक काही बधला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला नाही. त्या रात्री ओतूरला मुक्काम केला. पलंग कुरकुरत होता आणि मी पडल्या पडल्या त्या टॉवेलवाल्याचा विचार करत होते.

सकाळी मढच्या वाटेला लागलो. पिंपळगाव जोगाच्या धरणाचं पाणी उजेडात चकाकत होतं, भात कापून झालेली खाचरं मोकळी पडली होती, आणि समोर माळशेजच्या बाजूचे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे वाटत होते. वारा असा की कानाच्या पाळ्या दुखाव्यात. पट्टीवरचं रक्त थंडीत सावकाश चढतं, म्हणून मी पट्ट्यांचं पाकीट शालीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं.

शांताबाईंचा गोठा गावाबाहेर, खाचरांच्या कडेला. साठीच्या बाई, नऊवारी, पायात पोराचे जुने बूट. मुलगा कल्याणला कंपनीत. नवरा गेल्यावर त्यांनी भावकीची बोलणी खाऊन पांढरी डुकरं पाळली. घाटातल्या हॉटेलांचं उरलंसुरलं शिजवून घालायचं नि त्यावर घर चालवायचं. तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांनी आमचं नाव सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आत घेतलं. पण चेहऱ्यावर पाहुणचार नव्हता.

"बगा काय बगायचं ते," त्या म्हणाल्या. "समदी ठनठनीत हायती."

होतीच ठणठणीत. एकेकाचं रक्त काढलं, एकेक पट्टी लावली, सगळीकडे एकच रेघ. पण गोठ्याच्या शेवटी एक खण रिकामा होता आणि त्यातली पाण्याची गव्हाण ओली होती. रिकाम्या खणाला पाणी कोण पाजतं?

"इथली कुठे आहे?" मी विचारलं.

"कंची?"

"शांताबाई, गव्हाण ओली आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला मागच्या वाडग्यात (काट्याकुट्यांचं कुंपण घातलेली जागा) घेऊन गेल्या. तिथे पेंढ्यावर एक गाभण डुकरीण पडली होती. कान लालसर, श्वास भरभर, पुढ्यातलं खाणं तसंच पडलेलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "दोन दिस खाल्लं न्हाई हिनं. पिल्लं पोटात हायती, म्हनून जड झाली असंल." ते त्या मला सांगत नव्हत्या, स्वतःलाच समजावत होत्या.

रक्त काढलं. पट्टी जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि वाट बघत बसलो. पहिली रेघ ठळक उमटली. ती उमटायचीच. पट्टी काम करते एवढंच ती सांगते. दुसरी जागा कोरी. मग कोरीशी वाटेना. मग तिथे काहीतरी आहे असं वाटलं, आणि नाही असंही. आमच्या धंद्यात पुसट रेघेइतकं वाईट काही नाही. इकडे मान केली की दिसते, तिकडे केली की जाते. मोबाईलला रेंज नाही, पुण्याला विचारावं तर कसं?

"रफीकभाई, जरा बघता का? इथे रेघ दिसते?" मी म्हटलं, आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे... जनावराचं रक्त आहे, तुमची हरकत नसेल तर..."

"डुकराचं," ते शांतपणे म्हणाले. "म्हाईत हाय मॅडम. मंचरला डबा उचलला तवाच वाचलं. झाकनावर लिवलंय की."

"मग काही बोलला नाहीत?"

"तुमी लपवत व्हता. म्हटलं, लपवू दे." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पट्टी उन्हाला धरून पाहिली. हात लावला नाही, कडेने बघितलं. "हाय. बारीक हाय, पर हाय."

दुसरी पट्टी लावली. ती शालीतून काढलेली, उबदार होती. या वेळी रेघ थोडी अधिक दिसली. माझी खात्री पटली.

मी मान वर केली तर खाचराच्या बांधावर तो टॉवेलवाला उभा. पिकअप रस्त्याला. तो शांताबाईंच्या तोंडाकडे बघत होता आणि शांताबाई माझ्या तोंडाकडे.

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय निगालं?"

"मला सांगायची परवानगी नाही. डॉक्टरांना कळवते. ते येऊन नमुना नेतील, मग सरकारी निकाल येईल."

"तवर मी काय करू? त्यो बगा, कावळ्यावानी बसलाय." त्यांनी मानेने बांध दाखवला. मग आवाज अगदी खाली आणला. "तोंडानं नगा सांगू. पदराखाली सांगा."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील बेल्ह्याच्या बैलबाजारात हेडी होते (जनावरांच्या सौद्यातले दलाल). तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असू देत, कुणाला पत्ता लागत नाही. "लहानपनी बापाच्या मांडीवर बसून शिकले मी. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या येका रेगेला येक बोट, दोनला दोन. तोंड उगडायचं न्हाई. मग तुमी काय सांगितलं न्हाई आन् म्या काय ऐकलं न्हाई."

असं म्हणून त्यांनी पदर आमच्या दोघींच्या हातांवर टाकला.

आता माझी गोची झाली. माझ्यातली संशयी बाई खडबडून जागी झाली. तोंडावर काही उमटू न देता निकाल हवाय, तो कशाला? बांधावरचा माणूस तोंड बघून भाव ठरवतो. हिचं तोंड उतरलं नाही तर तो पुरा भाव देईल. म्हणजे मी दोन बोटं दाबायची, हिने हसतमुखाने उठून सगळा गोठा त्याला विकायचा, आणि आज संध्याकाळी रोग घाटाखाली. सगळं माझ्या बोटांनी. आणि एक बोट दाबलं तर? ती निर्धास्त होईल. आजारी डुकरीण परत बाकीच्यांत नेऊन बांधेल. काहीच न दाबता उठले तर माझं उठणंच दोघांना सगळं सांगून जाईल.

शांताबाईंचा हात खरखरीत आणि गरम होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डोंगराकडे बघत होत्या. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांच्यासाठीही वाटत होती. शेवटी मी प्रमुख बाईंचा नियम मोडला. दोन बोटं दाबली.

त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. मग त्यांनी पदर सावरला, उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरं, च्या घ्या आता. लांबून आलाय." आणि चहा टाकायला घराकडे न जाता थेट बांधाकडे चालू लागल्या.

मी तिथूनच बघत होते. व्यापाऱ्याने काहीतरी विचारलं. शांताबाईंनी हात पुढे केला. तो जरा मागे सरला. बाईमाणसाचा हात धरायला लाजला असावा. तेव्हा यांचा आवाज माझ्यापर्यंत आला, "लाजतूस काय? बापाचं नाव ठावं हाय ना माज्या?" त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातांवर टाकला. टॉवेल हलू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा. तो मान हलवायचा, त्या हलवायच्या. मला दिसत होता फक्त टॉवेल. मी मनात स्वतःला शिव्या घातल्या. दोन बोटं दाबून मी सगळा गोठा त्याच्या गाडीत घातला होता.

मग तो एकदम हात काढून हसला आणि रस्त्याकडे निघून गेला. सौदा झाला की मोडला, कसं कळावं? शांताबाई परत आल्या, चहा दिला. गवती चहा घातलेला, चांगला होता. मी विचारलं, "काय म्हणाला?" त्या म्हणाल्या, "टावेलाखालचं असं इचारत्यात व्हय?" मला ठसका लागला.

रेंज मिळाल्याबरोबर डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुपारी येतो. पण दुपारपर्यंत काय होईल, याची मला खात्री नव्हती. बनकर फाट्याच्या चहाच्या टपरीशी तो पिकअप उभा दिसला, तशी मी रफीकभाईंना म्हटलं, "थांबवा." ताडपत्रीच्या कडेने आत डोकावले. आत एक रिकामं पिंप आणि पेंढा. बाकी काही नाही.

"काय शोधताय मॅडम?" मागून आवाज आला. टॉवेलवाला हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

मी काही बोलायच्या आत रफीकभाई म्हणाले, "आमच्या मॅडमना पिकअप घ्यायचाय. बगतायत." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "मढला काय जमलं न्हाई वाटतं?"

"कुठलं जमतंय राव. म्हातारी लई चिवट. दुप्पट भाव मागती. येक बोट खाली यीना." त्याने ग्लास रिकामा केला. "म्हंजी माल येकदम झकास असनार, त्याबिगर येवढा भाव कोन मागंल? इन पुन्ना, घाई न्हाई मला."

जीपमध्ये बसल्यावर मला सगळं उलगडलं. सरळ 'विकायची नाही' म्हटलं असतं तर त्याला वास आला असता. तासाभरात गावभर झालं असतं आणि शेजारपाजारच्या लोकांनी रातोरात आपापली डुकरं गाडीत घातली असती. म्हणून बाईने विकायचा सौदा करायला घेतला, आणि तो मोडेल एवढा भाव लावला. मी मात्र तिला चोर ठरवून मोकळी झाले होते.

"रफीकभाई," मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटलं होतं? ती विकेल?"

"मला वाटलं व्हतं इकंल," ते म्हणाले. "माझी असती तर म्या इकली असती." ते खरं बोलले, म्हणून मला बरं वाटलं.

पुण्याला परतले. प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्या, चिडायला हव्याच होत्या. पुढच्या आठवड्यात सरकारी निकाल आला. मढच्या डुकरिणीला ताप होता. मी शांताबाईंना फोन लावला. त्या गावात आल्या होत्या, म्हणून लागला.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं तवाच म्हाईत झालं."

"शांताबाई, आता सरकारी माणसं येतील. खड्डा काढतील..."

"खड्डा काडलाय म्या. त्याच दिशी जेशिबीवाल्याला बोलावलं. म्हटलं, शेततळं कराया लागलेय." मग त्यांनी सांगितलं, "गाबन गेली काल. पिल्लं पोटातच ऱ्हायली. बाकीची हायती अजून. खातायत बिचारी चांगली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चांगली खाणाऱ्या त्या डुकरांना त्या रोज खायला घालत होत्या, आणि पलीकडे खड्डा उघडा पडला होता. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या दोन बोटांवर एवढा भरवसा ठेवलात?"

"पदराखाली खोटं सांगत न्हाईत बाई." आणि पुढे म्हणाल्या, "पर येक सांगते, राग नगा धरू. तुमची बोटं लई थरथरत व्हती. येक हाय का दोन, मला लवकर कळंना. वाटलं येकच असंल. लई वाटलं." मग कामाचं बोलल्या, "तुमची ती दुसरी रेग जरा ठसठशीत करा."

आम्ही सध्या त्याच कामात आहोत. नव्या पट्ट्या आल्या की पहिल्या मढला न्यायच्या असं मी ठरवलं होतं. मग लक्षात आलं की तिथे आता एकही डुक्कर नाही.